दादाच्या कॉम्प्युटरचं घड्याळ

फिंतास, १ नोव्हेंबर, शुक्रवार

आले एकदाची कुवेतला! खोली लहान आहे, पण खिडकीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. फ्लॅट नाझियाचा. ती मूळची रत्नागिरीची, ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. ‘शलाकाबाई, दमला असाल’ म्हणत तिने माझ्यासाठी सुरमई तळली. मी नाशिकहून आणलेला चिवडा आम्ही दोघींनी निम्मा संपवला. रविवारपासून पेट्रोकेमिकल कंपनीत रुजू व्हायचं.

संध्याकाळी अनुप आला आणि दादाचा कॉम्प्युटर देऊन गेला. माझा भाऊ परीक्षित इथेच नोकरीला होता. खैरानला समुद्रात पोहायला गेला आणि बुडाला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या या मित्राने मशीन सांभाळलं. दादा गेला तेव्हा मी रडले नव्हते. आजही काही वाटलं नाही. स्क्रीन पुसली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दादाने मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवल्या आहेत. सुरू करताना मेनू येतो, त्यातलं एक निवडायचं. ते चालू असेपर्यंत दुसरं बंद. विंडोज सारखं अडकत होतं आणि ट्रेनिंगला तेच लागतं, म्हणून सकाळी ते पुसून नव्याने टाकलं. तर मेनूच गायब! मशीन थेट विंडोजमध्ये शिरायला लागलं. दादाचे फोटो सगळे लिनक्सच्या बाजूला, आणि आईला ते हवेत. अनुपने फोनवर धीर दिला की नव्या विंडोजने सुरुवातीचा ताबा घेतला असेल, लिनक्स आत शाबूत आहे. त्याने सांगितलं तसं पेनड्राइव्हवरून बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या भागाची, दुरुस्ती केली. मेनू परत आला.

फोटो उघडले. मग विंडोजमध्ये गेले तर घड्याळ तीन तास मागे. अनुप हसला. लिनक्स ग्रीनिचची वेळ धरतं, विंडोज इथली, त्यामुळे हे होतंच म्हणाला. सेटिंग बदललं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारचं जेवण झाल्यावर फोटो पाहायला लिनक्स उघडलं. लगेच बंद केलं, असं मला वाटलं. घड्याळ तीन तास पुढे! सेटिंग चुकलं असेल म्हणून मोबाइल पाहिला. त्यातही तीच वेळ. बाहेर मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली.

नाझिया म्हणाली, मधे मी स्वयंपाकघरात येऊन कोरा चहा मागितला. मी कोरा चहा पीत नाही. दादा प्यायचा. शिवाय मी ‘येतो’, ‘बसतो’ असं बोलत होते म्हणे. तिला गंमत वाटली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आईचा फोन आला. कालच्या गप्पांनी किती बरं वाटलं, म्हणाली. काल मी फोटो पाठवायला बसले होते, एवढंच आठवतं. फोन केल्याचं नाही.

ठेवताना ती म्हणाली, “असाच फोन करत जा रे.”

रे.

दोन वर्षांत आई अशी हसली नव्हती. मी तिला काही विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

फोटो काढून घेतले आणि लिनक्सचा सगळा भाग पुसून टाकला. अनुप नको म्हणत होता. मेनू गेला. घड्याळ बरोबर. जेवले, चव लागली नाही. बोटं बधिर आहेत.

१६ नोव्हेंबर

कॉम्प्युटर सुरूच केला नाही. तरीही — दुपारी केस विंचरत होते. मग एकदम समुद्रात, कमरेएवढ्या पाण्यात. नाझिया दंडाला धरून ओढत होती. रडत होती. विचारत होती, तू आहेस तरी कोण —

१७ नोव्हेंबर

कामावर गेले नाही. भीती वाटायला हवी. वाटत नाही. दादाला मी मशीनमधून काढलं, मग तो — कुठे —

अनुपला बोलावलंय.

१८ नोव्हेंबर

अनुप आला. दार मी उघडलं, त्याला कडकडून मिठी मारली. तो पांढराफटक पडला. नाझिया भिंतीला टेकून उभी. मी तिला म्हणालो, घाबरू नकोस, शलाका आत —

म्हणाले. म्हणाले. मी शलाका. मी इथे खुर्चीवर बसले आहे, हे मीच लिहिते आहे, मी कुठेही गेलो