लायकीमापकाची एक ओळ

२ मार्च, सोमवार
मामाच्या टायरच्या दुकानात मी कामाला जाणार नाही. आज बाबांना स्पष्ट सांगितलं. म्हणजे बाबा आंघोळीला गेल्यावर आईला सांगितलं, पण स्पष्ट. आई म्हणाली, तुझं तू सांग त्यांना. तोवर ताईकडे राहायला जातो. याला पळून जाणं म्हणत नाहीत.

४ मार्च
ताईच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, एका कम्प्युटर भाषेचं वेड आहे. तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच. गोल, त्रिकोण, वाकडे बाण. पेन चालतं का बघायला आपण कागदावर गिरवतो ना, तसं दिसतं. भाऊजी म्हणतात, दुसरीकडे पानभर लागतं ते इथे एका ओळीत होतं. आख्खी यादी एकदम घ्यायची नि कामाला लावायची. आणि ओळ वाचायची उजवीकडून डावीकडे. मी विचारलं, जेवताना गोड आधी खाता का. त्यांनी श्रीखंडाची वाटी माझ्यापासून लांब सरकवली.

शनिवारी या वेड्यांचं एक दिवसाचं सेमिनार आहे. लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये.

५ मार्च
माझं ठाम मत झालंय. ही भाषा कोणालाच कळत नाही. एक जण चिन्हं काढतो, बाकीचे माना हलवतात. विचारायची लाज, म्हणून वर्षानुवर्षं चाललंय.

ताईशी पैज. सेमिनारमध्ये दहा मिनिटं कोणीही बोलू शकतं. मी वाटेल ती चिन्हं जोडून एक ओळ दाखवणार. ह्यात काहीच नाही असं कोणी म्हणालं, तर सोमवारपासून मुकाट्याने टायर. कोणीच नाही म्हणालं, तर ताई बाबांशी बोलणार आणि वर्षभर मला कोणी काही विचारायचं नाही. ताईने लगेच हात पुढे केला. बिचारी.

६ मार्च
ओळ तयार. भाऊजींच्या कागदांवरून इथलं शेपूट, तिथलं डोकं. भारदस्त दिसतेय. सुरुवातीला एक शून्य आणि गुणिले टाकलं, कारण तिथे जागा उरली होती. नाव लायकीमापक. वय, मार्क आणि झोपेचे तास घालायचे, माणसाची लायकी बाहेर येते. बाबांना हा विषय आवडतो.

चालवून बघितली नाही. चालवतंय कोण.

७ मार्च, सकाळ
हॉलमध्ये वीसेक माणसं. बरेचसे रिटायर. एक गणिताचे मास्तर, कोपराला ठिगळ. एक विमा कंपनीतल्या बाई, त्यांच्या कीबोर्डवर प्रत्येक बटणाला त्या चिन्हांचा स्टिकर. सगळे एकमेकांना ओळी दाखवतात आणि खुश होतात. एकाने ओळीतलं एक चिन्ह कमी केलं तर टाळ्या वाजल्या. चिन्ह कमी केलं म्हणून. मी एवढी वर्षं अभ्यास कमी केला, कोणी वाजवल्या नाहीत.

ताई मागच्या रांगेत बसलीय. आरामात.

७ मार्च, दुपार, जिन्यात
घाईत लिहितोय. बोललो. जबरदस्त बोललो. पडद्यावर ओळ आली आणि सगळे माना हलवायला लागले. मला वाटलं, जिंकलो. मग मास्तर उठले. म्हणाले, मधला एक कंस टाईप करताना राहिला वाटतं, होतं असं. आणि स्वतःच घातला. कंस राहिला नव्हता. माझ्याकडे कंस नव्हताच.

विमावाल्या बाईंनी हॉलमधल्या सगळ्यांची वयं आणि झोपा एकदम भरल्या. मार्क कोणाला आठवेनात, तिथे अंदाज. ओळ चालली. खरंच चालली. प्रत्येकाची लायकी शून्य. एक आजोबा म्हणाले, आमच्या हिला हे कम्प्युटरशिवाय येतं.

सगळे हसताहेत, पण फसवलंस असं कोणीच म्हणत नाही. उलट म्हणतात, लांब झालीय, छोटी करू या. करा. मला काय.

७ मार्च, संध्याकाळ
जे झालं ते मी मुद्दाम केलं, हे आधी लिहून ठेवतो.

ते लोक ओळ कापत बसले. बाईंनी त्रिकोण काढला, मास्तरांनी दोन बाण. दर वेळी टाळ्या. मलाही दिसायला लागलं. म्हटलं, तो गोल पण नको. काढून बघितला, उत्तर तेच. माझ्यासाठी टाळ्या. भाऊजी उभे राहून वाजवत होते. तसे ते माझ्यासाठी कशालाच उभे राहत नाहीत.

शेवटी शून्य, गुणिले आणि यादी एवढंच उरलं. सगळे अडले. मी पुढे जाऊन म्हणालो, अहो, शून्याने गुणल्यावर उरतंय काय, ह्यात काहीच नाहीये, नुसतं शून्य लिहा. मास्तर म्हणाले, प्रत्येकाला आपापलं शून्य मिळायला हवं. मी म्हटलं, सगळ्यांत मिळून एक पुरे. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. मास्तरांनी पाठ थोपटली. म्हणाले, डोकं आहे, वापरत जा.

तेवढ्यात मागे ताई दिसली. ती टाळ्या वाजवत नव्हती. बोटाने हवेत गोल काढत होती. टायरएवढा.

८ मार्च
पैजेत ‘कोणी’ म्हणजे दुसरं कोणी. मी स्वतःला कोणी समजत नाही. हे ताईला सांगितलं. ती म्हणाली की बाबाही समजत नाहीत, आणि माझी बॅग भरायला घेतली. भाऊजींनी जाताना स्टिकर लावलेला जुना कीबोर्ड दिला. नको म्हणणार होतो. राहून गेलं.

९ मार्च, सोमवार, दुकान
जबरदस्तीने आलेलो नाही. दुकानाला डोक्याची गरज होती.

मामाने बाहेरचा बोर्ड नवीन लिहायला दिला. जुना मजकूर: येथे सर्व गाड्यांचे टायर मिळतील, पंक्चर काढून मिळेल, हवा मोफत भरून मिळेल. केवढी लांबण. ‘येथे’ काढलं. इथेच तर आहे. ‘मिळेल’ काढलं. ‘गाड्यांचे’ काढलं, टायर आणखी कशाला असतो. टायर समोर दिसतात, काढलं. ज्याचं पंक्चर झालंय त्याला ते माहीत असतं, काढलं. शेवटी दोन शब्द उरले. हवा मोफत. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सुंदर.

संध्याकाळ
दिवसभर रांग होती. सगळे हवा भरून गेले. मामा गल्ल्याशी बसून बोर्डाकडे बघत होता. मग उठला, मागे घरात गेला आणि मामीला रंगाचा डबा दिला.