माझ्या जोडलेल्या हातांबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा दुर्बिणीचे आरसे घासण्याचा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो जुना आहे अशी शंका कोणी काढू नये, कालचाच आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर ते कोणी आणि कधी हेही इथे लिहिले असते.

माझ्यामागे जवळची माणसे दोनच. मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. थोरला भाऊ प्रार्थनागृहात प्रवचन करतो. दोघांचा माझ्यावर जीव आहे आणि माझा दोघांवर भरवसा नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम एक. दोन खोल्यांचे राहते घर, भांडी आणि पुस्तकांसह, मुलीला. भावाने यात डोकावू नये. बाबांच्या घरातला माझा वाटा त्याच्याकडे आहे आणि तो त्याने कसा घेतला हे पुढे येईलच.

कलम दोन. काच घासण्याची पूड, काचेला झिलई देण्याच्या डांबराच्या लाद्या आणि मापाची साधने माझ्या जुन्या कारखान्याला. अट एवढीच की जाड आणि बारीक पुडीचे डबे एका कपाटात ठेवू नयेत. बारीक पुडीत जाड कण एक जरी गेला तरी काचेवर ओरखडा येतो आणि तीन आठवडे पाण्यात जातात. हे मी तीस वर्षे कानीकपाळी ओरडून सांगितले. ज्याने ऐकले नाही तो पुढे सुपरवायझर झाला.

कलम तीन. मागच्या वर्षी मी अकरा दिवस दवाखान्यात होते आणि सगळ्यांनी आशा सोडली होती. बरी होऊन घरी आल्यावर भावाच्या कोटाचे बटण शिवायला घेतले, तर खिशात चार घड्यांचा कागद. माझ्या अंत्यविधीचे प्रवचन. पुढच्या आठवड्यात विजेचे बिल शोधायला मुलीचा लॅपटॉप उघडला, तर तिथे माझ्यावरचा श्रद्धांजलीचा लेख. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. मी आपली धडधडीत जिवंत, बटण शिवते आहे.

दोघांनीही एकच दुपार धरली होती. वेधशाळेसाठीचा मोठा आरसा आम्ही चौदा महिने घासला, तो त्या दिवशी तपासणीत खरा उतरला. भाऊ कारखान्यात आला तेव्हा मी तपासणीच्या खोलीत हात जोडून, भरल्या डोळ्यांनी उभी होते. त्याने लिहिले होते, ‘विश्वकर्त्यापुढे नकळत जुळलेले ते हात मी या डोळ्यांनी पाहिले.’ मुलीने लिहिले होते, ‘मामा ज्याला प्रार्थना समजतो, तो तपासणीच्या खोलीतला साधा नियम होता.’

नियम खरा आहे. काचेजवळ नुसता तळहात नेला तरी त्या उबेने काच तिथे फुगते आणि माप चुकते. म्हणून आत जाणाऱ्याने हात छातीशी जोडून ठेवायचे. नवखे पाहुणे आम्हाला फार भाविक समजायचे.

मी दोघांना चहाला बोलावले आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. भाऊ जरा ओशाळला, पण हटला नाही. म्हणाला, “तुला त्या वेळी तो जाणवला होता. कबूल करायला लाजतेस, एवढंच.”

मुलगी म्हणाली, “आश्चर्य वाटायला देव कशाला लागतो, मामा? सगळं नियमाने चालतं, याचंच आश्चर्य आहे.”

“मग नियम करणारा नको?”

मी विचारले, आणखी चहा कोणाला. माझे मत दोघांनीही विचारले नाही.

कलम चार. माझ्या कपाटात वीतभर रुंदीच्या दोन काचा आहेत, मी शिकाऊ असताना घासलेल्या. दोन सपाट काचा एकमेकींवर, मध्ये पूड आणि पाणी घालून, कशाही फिरवत घासल्या की वरची खोलगट होते आणि खालची फुगीर, आणि दोन्हींचा गोलाकार बिनचूक येतो. कोणी साचा दिलेला नसतो. मुलगी म्हणते, कसेही फिरवले तरी गोलाकारच सगळ्या बाजूंनी बसतो, दुसरे होणार काय. भाऊ म्हणतो, तसेच का बसावे.

मला विचाराल तर मला संशय येतो. कारखान्यात माप फारच तंतोतंत आले की आम्ही आधी मापणाऱ्याला धरायचो. इतका नीटनेटकेपणा कोणी मुद्दाम केला असेल तर त्याचा हेतू मला कळलेला नाही, आणि कोणी केला नसेल तर मला त्याहून भीती वाटते. वरची काच भावाला, खालची मुलीला. ओल्या असताना एकमेकींवर ठेवू नयेत, चिकटल्या तर सुटत नाहीत.

कलम पाच. माझ्या प्रेतापुढे त्या दुपारचा अर्थ कोणीही लावू नये. जो लावेल त्याची काच दुसऱ्याने घ्यावी. दोघांनी लावला तर दोन्ही काचा कारखान्यातल्या पॅकरकाकांनी फोडाव्यात.

कारण जे आजवर मी कोणाला सांगितले नाही ते असे. आरसा त्या वेळी खोलीत नव्हता. तो साडेतीनला पेटीत गेला होता. भाऊ आला सव्वाचारला, बाबांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर माझी सही घ्यायला. आरशाचा स्टँड रिकामा होता आणि हात आवरण्याचे काही कारण उरले नव्हते. म्हणजे मुलीचा नियम लागू नाही. समोर कोणी होते का, तर मी नीट पाहिले, नव्हते. बारीक दोष शोधणे हाच माझा धंदा होता. म्हणजे भावाचेही जमत नाही. हात जोडलेले होते एवढे खरे. ते कोणासाठी, हे मी तेव्हापासून शोधते आहे. जे मला सापडले नाही ते तुम्ही परस्पर ठरवलेत तर मला फार वाईट वाटेल.

एक गोष्ट भावाच्या बाजूने लिहून ठेवते. त्या दिवशी तो दारात थांबून राहिला, आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलला नाही. सही मात्र घेतली.

हे सर्व मी पुन्हा वाचून पाहिले आणि त्यात बदल करण्यासारखे काही नाही.

स्थळ : माझे स्वयंपाकघर. मंगळवार, चौदा तारीख, सकाळी अकरा.

सही : आरसेवाली

साक्षीदार पहिली : खालच्या मजल्यावरची औषधविक्रेती. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा : कारखान्यातला पॅकर, निवृत्त. मृत्युपत्रात साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही म्हणून मला काही नाही, ते ठीक आहे. पेटीला खिळे मीच मारले, साडेतीनची वेळ बरोबर आहे. चारला हातोडी विसरली म्हणून परत गेलो, तर बाई रिकाम्या स्टँडपुढे हात जोडून उभ्या होत्या. मीही मागे थोडा वेळ तसाच उभा राहिलो. हातोडी दुसऱ्या दिवशी नेली.