पाचवा क्रूस

कट्टा, ता. मालवण
२ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप पाद्री आग्नेल भाऊजी यांस,
फेलिसिदादचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हणून हेडमास्तर भिंतींना चुना लावून घेत आहेत आणि माझे चौथीचे वर्ग फणसाखाली भरतात. लिनो यंदाही नाताळात आला नाही. गोदीत काम आहे, असं दोन ओळींत कळवलं. गेल्या वर्षीही त्याच दोन ओळी होत्या. तुम्ही दोघे भाऊ एकाच शहरात आहात. भेटला तर सांगा, ओळी बदलल्या तरी चालतील.

लिहायचं कारण वेगळं. शेजारच्या आना मारीच्या नातीचा बाप्तिस्मा आहे. तिने आपला झगा मागितला, मांयने तुमच्या बाप्तिस्म्यासाठी शिवलेला तो लांब पांढरा. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तो मुंबईला मागवून घेतलात. तुमच्या इगर्जीतल्या एका गरीब कुटुंबाला हवा आहे, असं लिहिलं होतंत. मी धुऊन, कांजी घालून, इस्त्री करून पाठवला. परत आला तसाच ट्रंकेत ठेवला. तो काल उघडला.

मांयची रीत तुम्हाला ठाऊक आहे. झगा ती कोणालाही द्यायची, पण घरच्या मुलाला घातला तरच खालच्या घडीच्या आत एक लाल क्रूस शिवायची. एक तुमचा, एक लिनोचा, एक लहानपणी गेलेल्या तुमच्या बहिणीचा, सोकोरोचा. चौथा माझ्या नातालीनचा, जी तीन आठवडे जगली. आता तिच्या शेजारी पाचवा आहे. टाके जाड आहेत, शर्टाला बटण लावतात तसे.

हा कोणी शिवला? त्या माणसांनी न कळून शिवला असेल तर राग नाही. फक्त कळवा.

तुमच्या प्रार्थनेत आम्हाला जागा असू द्या.

फेलिसिदाद


मुंबई
१० फेब्रुवारी १९५९

चि. सौ. फेलिसिदाद हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उद्या राखेचा बुधवार. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून झाल्या, पण राख चाळायला माणूस नाही, म्हणून मीच बसलो आहे. बोटं काळी आहेत. कागदावर डाग पडला तर समजून घे. इन्स्पेक्टर तुझ्या वर्गावर खूश होईल, याची मला खात्री आहे. तू रागावलीस की मुलं पाढे चुकत नाहीत, असं मांय म्हणायची.

झग्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. कोणी भक्तीने टाका घातला असेल. लिनो बरा आहे, काम फार आहे. संशयाला मनात जागा दिली की तो घरमालक होऊन बसतो. उपासाच्या या चाळीस दिवसांत आपण देवाच्या मौनापुढे बसायला शिकतो. तो दिसत नाही, उत्तर देत नाही, म्हणून तो नाही असं होत नाही. दूर असलेल्या नवऱ्याच्या बाबतीतही पत्नीने असाच विश्वास धरावा. तुझी निष्ठा देव पाहतो आहे.

आना मारीच्या नातीला माझा आशीर्वाद सांग. या भावाविषयी माया कमी होऊ देऊ नकोस.

आग्नेल


कट्टा
१७ फेब्रुवारी १९५९

पाद्री आग्नेल यांस नमस्कार.

मी एक प्रश्न विचारला. तुम्ही मला देवाचं मौन पाठवलंत. तो क्रूस देवाने शिवलेला नाही.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. मी झग्याबद्दल विचारलं होतं, उत्तर नवऱ्याबद्दल आलं. संशय हा शब्दही तुमचाच. माझ्या पत्रात तो नव्हता. आता आहे.

आना मारीला झगा दिला नाही. उंदरांनी कुरतडला, असं सांगितलं. ती म्हणाली, गो बाये, तुझ्या ट्रंकेत उंदीर शिरलो कसो, टाळां लावन ठेवतंस मां. खोटं बोलायची मला सवय नाही. तुम्हाला असेल तर मला शिकवा, म्हणजे पुढच्या वेळी उंदराला किल्ली देईन.

पापकबुलीच्या जाळीआड काही ऐकलं असेल तर सांगू नका. तो नियम मी मानते. पण बाप्तिस्मा जाळीआड होत नाही. पाणी, मीठ, मुलाचं नाव, आईबापांचं नाव, सगळं उजेडात होतं आणि वहीत लिहिलं जातं. त्या वहीतली नोंद मी तुमच्या बिशपांकडे मागू, की तुम्ही सांगता?

आठ दिवस वाट पाहीन. टपालाचे चार वेगळे.

फेलिसिदाद


मुंबई
१ मार्च १९५९

फेलिसिदाद हिस आशीर्वाद.

बिशपांना लिहू नकोस. मुलगी लिनोची आहे. तिचं नाव पिएदाद. सत्तावन्न सालच्या मार्चमध्ये मी तिचा बाप्तिस्मा केला. आई एस्पेरांस, एका पारशी घरात आया होती. या जानेवारीत ती क्षयाने गेली.

लिनोने हे मला पहिल्यांदा जाळीआड सांगितलं नाही. माझ्या खोलीत चहा पिताना सांगितलं. मग मीच म्हटलं, हे कबुलीत सांग. त्याने सांगितलं आणि माझं तोंड बंद झालं. ते बंद व्हावं, हीच माझी इच्छा होती. या पापाची कबुली मी देवापुढे दिली आहे. आज तुझ्यापुढे देतो.

झगा त्याने मागितला नव्हता, मी मागवला. मांयची नात मांयच्या झग्याशिवाय पाण्याखाली धरवेना. क्रूसही मीच शिवला. वेदीवरच्या वस्त्रांसाठी असतो तो लाल दोरा होता. सेमिनारीत आम्हाला बटणं लावायला शिकवतात, तेवढंच माझं शिवणकाम. मला बोलता येत नव्हतं. वाटलं, तू कधीतरी घडी उलटशील.

आता माझी एक विनंती ऐक. लिनो एकटा पडला आहे. मुलीला चाळीतली बाई सांभाळते. पापाचं कारण राहिलं नाही. त्याला घरी यायचं आहे. तू देवासमोर त्याची पत्नी आहेस. त्याने शपथ मोडली म्हणून लग्न मोडत नाही. देवाने बेइमान लोकांशी इमान राखलं, तसं तू राख. पंधरवड्याने आपण क्रूसावर जांभळं कापड घालू. कापडाआड तो दिसणार नाही, पण असेल. तुझ्या नवऱ्यातलं चांगलंही तसंच झाकलं गेलं आहे, असं समज.

रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

आग्नेल


कट्टा
१६ मार्च १९५९

पाद्री आग्नेल यांस,

काल रीतीप्रमाणे घरच्या वेदीवरच्या क्रूसाला जांभळं कापड घातलं. मी घातलं, स्टुलावर चढून, माझ्या हातांनी. देवाने मागितलं नव्हतं.

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पहिली गोष्ट सांगते ती बागेची. पाप करून झाडामागे लपला तो माणूस. देव हाका मारत फिरत होता. मुलं ती गोष्ट आपल्या भाषेत परत सांगतात, देव इचारता, खंय आसंस रे तू. लपलेला देव होता, असं आजवर एकाही मुलाने सांगितलं नाही. असं वाटायला मुंबईला जाऊन पाद्री व्हावं लागतं.

तुम्ही घडीच्या आत टाके घातलेत आणि दोन वर्षं वाट पाहिलीत. याला तुम्ही मौन म्हणता. मी भित्रेपणा म्हणते. त्यात देवाला ओढू नका. आणि शिवलात तो माझ्या नातालीनला चिकटून. चार बोटं सोडावीत, एवढंही सुचलं नाही. माझ्या हातची कांजी त्या पोरीच्या अंगाला लागली. मला कोणी विचारलं नाही. राग याचा आहे. पोरीचा नाही.

पापाचं कारण राहिलं नाही, असं तुम्ही लिहिता. पापाचं कारण एस्पेरांस नव्हती. ती मेली म्हणून लिनो एकनिष्ठ झाला नाही. एकटा झाला. या दोन्हींतला फरक पाद्रीला कळत नसेल तर त्याने लग्नं लावू नयेत.

शपथेची आठवण मला देऊ नका. लग्नाच्या बारा वर्षांत मला विचारणारा कोणी भेटलाच नाही, असं समजू नका. मी शपथ पाळली ती लिनो चांगला म्हणून नाही. शब्द माझा होता म्हणून. तो अजून माझाच आहे, आणि म्हणूनच पुढचं लिहिते.

लिनोने मुलीला घेऊन यावं. ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे कोणाला उपासनेचं निमित्त नको. मालवणला बोटीतून उतरावं, कट्ट्यापर्यंत बस, तिथून घरापर्यंत बाजारातून चालत. दिवसा. मळ्यातल्या पायवाटेने नाही. मुलगी कोणाची, असं जो विचारील त्याला खरं सांगावं. तुम्ही पाद्रीच्या पोशाखात त्याच्याबरोबर चालावं आणि तुम्ही काय केलंत ते सांगावं. दारापर्यंत खरं बोलत आलात तर दार उघडं असेल. एकालाही खोटं सांगितलं तर मला कळेल, आमचा बाजार पायांपेक्षा लवकर घरी पोचतो. मग चार वाजता तीच बस मालवणला परत जाते.

उत्तर लहान लिहा.

फेलिसिदाद


मुंबई
२१ मार्च १९५९

फेलिसिदाद,

दादाने तुझं पत्र वाचून दाखवलं. हातात दिलं नाही, म्हणजे मधली वाक्यं गाळली असणार. जी वाचली तीही पुरेशी आहेत.

मला जत्रेतल्या बैलासारखा बाजारातून फिरवायचा तुझा बेत आहे. गावात मुंबईला दुसरी चूल मांडलेला मी एकटाच काय? हरिश्चंद्राच्या दुकानाच्या बाकावर बसतात त्यांची नावं लिहू? त्यांच्या बायका गप्प राहतात. तू मास्तरीण, तुला छडी लागते.

नातालीन गेली तेव्हा तू चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. जेवण वाढायचीस आणि भिंतीकडे बघायचीस. हे दादाला कधी लिहिलंस? मी केलं ते त्यामुळे केलं असं म्हणत नाही. पण तेही झालं होतं. खरंच सांगायचं तर सगळंच सांग.

पोर माझ्याशिवाय कोणाकडे रमत नाही. कामावर जाताना पायाला मिठी मारते. येईन की नाही ते आज सांगत नाही. आलो तर तिच्यासाठी येईन, तुझ्या अटीसाठी नाही.

लिनो


कट्टा
६ एप्रिल १९५९

पाद्री आग्नेल यांस,

ताप आल्याची तुमची तार शनिवारी सकाळी मिळाली. गुळवेल घ्या.

लिनो आला. साडेतीनच्या बसमधून उतरला, तेव्हा मुलगी खांद्यावर झोपली होती. पुढचं मला मासेवाल्या सुभद्राने सांगितलं, तो घरी पोचायच्या आधी. ती टोपली टाकून धावत आली होती.

तिने त्याला विचारलं, रे लिनो, ह्यां चेडू कोणाचां. तो म्हणाला, मित्राचं. आणि पुढे निघाला. हरिश्चंद्राच्या दुकानापर्यंत गेला. तिथे थांबला. बाकावर माणसं होती, त्यांनी काही विचारलं नव्हतं. तिथून तो मागे फिरला, सुभद्रापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, माझां आसा. आवय खंय म्हणून विचारलं तर म्हणाला, गेली. तिने विचारलं, फेलिसिदादीक ठावक आसा? तो म्हणाला, तिनाच बोलवल्यान. सगळा बाजार ऐकत होता. पुढे दारापर्यंत त्याला कोणी काही विचारलं नाही.

अट मोडली होती. एक खोटं सांगून झालं होतं. मी दाराला कडी घालून आत उभी राहिले. त्याने हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. अंगणात उभा राहिला. पोर जागी झाली, पाणी मागू लागली. तरीही मी हलले नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. तुमची भावजय दयाळू नाही.

मग मी हिशेब केला. तुम्हाला दोन वर्षं होती. तुम्ही फिरला नाहीत. तो दुकानापर्यंत जाऊन फिरला. आणि त्याच्या पत्रातली नातालीनची गोष्ट खरी आहे. चार महिने नाही, पाच. तेही मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज तुम्हाला लिहिते. मग कडी काढली.

त्याची खाट पडवीत आहे. क्षमा केलेली नाही, तसं समजून प्रवचन पाठवू नका. शब्द दिला होता म्हणून जेवण वाढते. आता भिंतीकडे बघत नाही. त्याच्याकडे बघते. त्याला ते जास्त जड जातं. पोर अजून माझ्या हातून जेवत नाही. मीही घाई करत नाही.

काल झगा बाहेर काढला. तुमचे टाके उसवले. वाईट शिवण ठेवायची नाही, एवढंच कारण. पिएदादचा क्रूस मी पुन्हा शिवला, नातालीनपासून चार बोटं सोडून आणि घडीच्या बाहेरच्या बाजूने. आना मारीला झगा दाखवला, उंदरांचं खोटं होतं असं सांगितलं. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, बाहेरच बरो दिसता गो. तुमचा क्रूस मांयने घातला तिथे आतच आहे.

ईस्टर होऊन आठवडा गेला. सगळ्यांच्या घरची जांभळी कापडं निघाली. आमच्या वेदीवरचं मी काढलेलं नाही, लिनोलाही काढू दिलेलं नाही. ते तुम्ही काढायचं आहे. ताप उतरला की या. लोभाचं तेव्हा बघू.

बस साडेतीनला येते. सुभद्रा बाजारात असते. ती विचारील.

फेलिसिदाद