जाताना तू, येताना भिंत

आई, माझा डावा खांदा गेला. हात आहे जागेवर, पण वेणी घालायला वर नेला की डोळ्यांत पाणी येतं. गुरुग्रामच्या फिजिओने मागच्या आठवड्यात माझ्या शर्यतींचे व्हिडिओ पाहिले. म्हणाला, उजवीकडेच श्वास घेऊन घेऊन सगळा भार डाव्या खांद्यावर पडत गेला. "इतने साल एक ही तरफ़ साँस? किसी ने टोका नहीं?" मी म्हटलं, आदत है. त्याला काय सांगायचं, की उजव्या बाजूला तू बसायचीस!

सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर, बाहेर धुकं, आणि मी डोळे मिटूनच तुझी तूप-गुळाची पोळी खातेय. मग तलाव. तू ऑफिसच्या साडीत, मांडीवर टॉवेल. शंभर मीटर फ्रीस्टाइल म्हणजे एकदा जायचं, एकदा यायचं. जाताना दर श्वासाला तू दिसायचीस, येताना नुसती भिंत. पदकं मात्र येतानाच ठरायची. कोच सर वैतागायचे, मला दोन्हीकडे श्वास घ्यायला शिक म्हणायचे, तुला तिथून उठवायला बघायचे. तू ठाम. "सर, मुझसे डर के ही तो तेज़ जाती है. बैठने दीजिए." एकदा हरून रडत बाहेर आले, तर म्हणालीस, "रडायचंय तर पाण्यातच रडून यायचं. माझी साडी भिजते." कसला राग आला होता तुझा! पुढच्या वर्षी सुवर्णपदक मिळालं तेव्हा रडून रडून पदर भिजवलास तो तूच.

तू गेल्यावरही मी जिंकत राहिले. नोकरी लागली, सत्कार झाले, आणि मी तशीच उजवीकडे तोंड वळवत राहिले. तिथे आता कुणाच्या तरी बॅगा पडलेल्या असतात. दमले गं मी. शेजारच्या लेनमधल्या मुली मला दीदी म्हणतात आणि पुढे निघून जातात. सर अजून सोडायला तयार नाहीत. "लेफ़्ट से साँस लेना सीख लो, दो साल और निकल जाएँगे," म्हणतात.

आठवडाभर करून पाहिलं. जमतं गं. खांदाही कमी दुखतो. पण डावीकडे वळून पोहायचंच नाहीये मला. उद्याच्या निवड चाचणीला मी जाणार नाही. सरांना कारण खांद्याचंच सांगेन.