फोटोखालचा शब्द

प्रिय बाई,

सप्रेम जय भीम.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. जिवंतपणी तरी कुठं लिहिलं? पण काल वाचनालयाचा सचिव प्रकाश घरी येऊन गेला आणि तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. ती तुमच्याशिवाय कुणापुढं मांडू?

येत्या रविवारी आपल्या दिंद्रुडच्या वाचनालयात तुमचा फोटो लावणार आहेत. फ्रेम चांगली आहे. फोटोखाली पितळी पट्टी बसणार आणि तिच्यावर तुमच्या नावाआधी ‘त्यागमूर्ती’ असं कोरायचं कमिटीनं ठरवलं आहे. प्रकाश मोठ्या आनंदानं सांगत होता.

“काका, काकूंनी पुण्याची नोकरी सोडली, तुमच्यासारखा अधू माणूस पदरात घेतला. ह्याला त्याग न्हाई तर काय म्हणायचं?”

मी म्हणालो, “तसं नव्हतं ते.”

“मग कसं होतं?”

मला सांगता येईना. शोकसभेतही हेच झालं. एकामागून एक माणूस उठून त्याग, त्याग म्हणत होता. मग मला बोलायला उभं केलं. मी “बाई” एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरेना. दुःख होतंच. पण राग जास्त होता.

“शुक्रवारी पट्टी कोरायला जाणार,” प्रकाश जाताना म्हणाला. “दुसरं काही लिहायचं असंल तर त्याच्या आत सांगा. पण कारण सांगा.”

म्हणून कागद घेऊन बसलो आहे. कसं होतं ते आधी तुम्हालाच सांगून बघतो.

एकाहत्तरच्या लढाईत माझा उजवा हात मनगटापासून गेला. डाव्याची तीन बोटं गेली आणि उरलेल्या दोन बोटांसकट कोपरापर्यंत प्लास्टर होतं. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडून छताकडं बघायचं, एवढंच माझं काम होतं. तेव्हा तुम्ही पुस्तकांची ढकलगाडी घेऊन आमच्या वॉर्डात आलात. ग्रंथालयाचा कोर्स करून नुकत्याच लागलेल्या, तेही लढाईपुरत्या, हंगामी. वय ते काय तुमचं! सगळा वॉर्ड तुम्हाला ‘बाई’ म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. पुढं लग्न झालं तरी ते सुटलं नाही. गाव हसलं, तरी सुटलं नाही.

माझ्या खाटेपाशी थांबून तुम्ही विचारलंत, “पुस्तक?”

मी पांघरुणातून दोन्ही हात वर काढले. “धरू कशानं?”

अशा वेळी भेटायला येणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. काही जण तोंड फिरवायचे. तुम्ही मात्र माझ्या हातांकडं नीट बघितलंत. कपाटात किती जागा उरली आहे ते बघावं, तसं. आणि गाडी पुढं नेलीत. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवलो नाही!

दुसऱ्या दिवशी तुम्ही हवालदार बलदेवला धरून घेऊन आलात. डोंगराकडचा उंच गडी, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. त्याला माझ्या खाटेशेजारी स्टुलावर बसवलंत आणि त्याच्या हातात एक हिंदी पुस्तक दिलंत.

“यांचे डोळे बांधलेत, तुमचे हात,” तुम्ही म्हणालात. “पुस्तक एकच आहे. बघा तुमचं तुम्ही.”

आणि गेलात!

बलदेवनं पुस्तक धरायचं, मी वाचायचं. पान संपलं की मी ‘हं’ म्हणायचं, त्यानं उलटायचं. पहिल्या दिवशी त्यानं पुस्तक उलटंच धरलं होतं. पान उलटताना दोन-दोन पानं एकदम जायची. एकदा खून कुणी केला ते कळायच्या आधीच खुनी तुरुंगात जाऊन बसला. बलदेव म्हणाला, “अरे मराठे, तेरी पुलिस बहुत तेज़ है!” दवाखान्यात आल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसलो.

हळूहळू सगळ्या वॉर्डात अशा जोड्या झाल्या. कुणाचे डोळे, कुणाचे हात. ज्याला अजिबात वाचता येत नव्हतं, त्याला तुम्ही नुसतं पुस्तक धरायला बसवायच्या आणि महिन्याभरात तो अक्षरं विचारू लागायचा. हे कुठल्या कोर्सात शिकवलं होतं तुम्हाला? कुठल्याच नाही. मला अजून नवल वाटतं. अंबाजोगाईच्या प्राथमिक शिक्षकाची मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडलेली, आणि चाळीस खाटांच्या त्या वॉर्डाला उठवून बसवलंत!

तो तमिळ पोरगा आठवतो? त्याची भाषा कुणाला येत नव्हती. तो काय म्हणतो ते डॉक्टरांनाही कळेना. तुम्ही सुट्टीच्या दिवशी कँपातल्या इडलीवाल्यांच्या दुकानांतून फिरलात आणि एक तमिळ पुस्तक मागून आणलंत. वाचणार कोण? मग भटारखान्यातला तमिळ स्वयंपाकी शोधलात. तो पिठाच्या हातांनी यायचा, म्हणून तो वाचायचा आणि पानं तुम्ही उलटायच्या. एक अक्षर समजत नव्हतं तुम्हाला. पोरगा गेला त्या दुपारी स्वयंपाकी थांबला. तुम्ही म्हणालात, “पान संपेपर्यंत वाचा.” त्यानं वाचलं. अख्खा वॉर्ड ऐकत होता. मी सीमेवर शूर माणसं पाहिली आहेत, बाई. पण त्या दुपारी जे पाहिलं, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आपल्या गावाकडचं बोलणं तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, ते शिवी दिल्यासारखं! ड्रेसिंगनंतर मी पुटपुटलो होतो, “लई ठणकायलंय.”

तुम्ही गाडी थांबवलीत. “मग डाक्टरला सांगत कावून न्हाईत? माय हाय का हितं, न सांगता कळायला?”

पुण्यातल्या त्या गुळगुळीत मराठीत हे बोलणं कानावर पडलं आणि ठणका राहिला बाजूला! त्यानंतर तुम्ही रोज थोडं थांबायच्या. मांजरा नदीबद्दल बोलायच्या, आमच्या भागातल्या बोरांबद्दल बोलायच्या. बलदेव मला चिडवायचा. “भाई, मेरी आँखें बंद हैं, कान नहीं. तू पढ़ता है तो बाई की गाड़ी दरवाज़े पर रुक जाती है.” मी त्याला म्हणायचो, गप बस. तुमच्यासारख्या मुलीनं माझ्यासारख्यात काय बघावं?

आणि मग तुम्हीच विचारलंत! व्हरांड्यात, भर सकाळी, हातात पुस्तकांची चळत घेऊन, नेहमीसारखी माझ्या फौजेतल्या हुद्द्यानं हाक मारून. “नाईक, माझ्याशी लग्न कराल का?”

त्या काळात मुलीनं असं विचारायचं! मी घाबरलो आणि जे मनात साठलं होतं तेच तोंडातून गेलं. “मला कीव नको, बाई.”

तुम्ही रागावला नाहीत. नवल वाटल्यासारखं माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, “परवा दवाखान्यातून सुट्टी मिळणार ना तुम्हाला? पुस्तक देऊन जा. गावी जाणाऱ्याकडनं परत घ्यावं लागतं.” बस. एवढंच. मी दिंद्रुडला आलो ते तुमची आशा सोडूनच.

गावात बहात्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ उघडे पडलेले. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आल्यावर मला रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा घास भरवायची. डाव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, अंगठा आणि एक बोट शाबूत होतं. पण आई म्हणायची, “राहू दे लेकरा, मी हाय की.” आणि मीही राहू दिलं. दारात बसून दिवस काढत होतो.

एका बाजारच्या दिवशी काम बंद, म्हणून आई घरी होती. दुपारी एस.टी.तून तुम्ही उतरलात, बरोबर तुमचे वडील. गुरुजी ओसरीवर बसले आणि सरळ म्हणाले, “मला हे पसंत न्हाई. पण पोरगी ऐकत न्हाई, म्हणून इचारायला आलो.”

आईनं सगळ्यांसाठी ताटं वाढली. माझं ताट स्वतःकडं ओढलं आणि घास मोडला. तेव्हा तुम्ही, त्या घरात पाय ठेवून तास झाला नव्हता, म्हणालात, “मावशी, ताट त्यांच्यापुढं ठेवा.”

“त्याला हात कुठं हाईत, पोरी?”

“दोन बोटं आहेत की.”

आईनं ताट सरकवलं. सगळे बघायला लागले. मी दोन बोटांत भाकरीचा तुकडा धरला आणि तो तोंडापर्यंत पोचायच्या आत जमिनीवर पडला. तुम्ही तो उचललात, फुंकलात आणि परत माझ्या ताटात ठेवलात. “पुन्हा.”

दुसऱ्यांदा आमटी सदऱ्यावर सांडली. आई रडायला लागली. “माझ्या लेकराचा तमाशा करायला आलीस का गं? तुला मन हाय का न्हाई?”

गुरुजींनी मान खाली घातली. तुम्ही आईकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलंत. तुमच्या तोंडावर दया नव्हती. उलट थोडी घाई होती. एवढ्या साध्या कामाला हा माणूस इतका वेळ कावून लावतो, अशी! तिसऱ्यांदा घास तोंडात गेला. अर्धा, पण गेला.

बाई, त्या अर्ध्या घासाला मला कळलं. कीव मी घरी रोज खात होतो. तुम्ही आणली होती ती दुसरीच गोष्ट होती. मी गुरुजींना म्हणालो, “माझी तयारी हाय.” आणि आईला म्हणालो, “माय, ही मन असलेलीच हाय.” आई कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलली नाही. नंतर मात्र तुमच्याशिवाय तिला घास गोड लागेना, ते सोडा.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. गुरुजी म्हणत होते, पाऊस पडू द्या, वऱ्हाडाला प्यायला पाणी कुठनं आणायचं? तुम्ही म्हणालात, ज्यानं त्यानं आपापलं आणावं. तसा निरोपच दिला सगळ्यांना! दिंद्रुड, तेलगाव, अंबाजोगाई, सगळीकडनं माणसं तांब्या-कळशी डोक्यावर घेऊन आली. बलदेवला एका डोळ्यानं दिसायला लागलं होतं. तो परळी स्टेशनावरून पत्र्याचा डबा भरून घेऊन आला, अर्धा सांडलेला. त्रिशरण झालं आणि लोकांनी आणलेलं पाणी एका रांजणात ओतलं. त्यातलंच सगळे प्यायले, आणि आमच्या वस्तीच्या कळश्यांतलं पाणी कोणतं, कुणी विचारलं नाही. तहानच तेवढी होती. पण त्यातली ही मेख तुम्हाला आधीपासून माहीत होती, असं मला नेहमी वाटत आलं आहे. विचारायचं राहिलं.

आणि ती पुण्याची नोकरी! प्रकाश म्हणतो, माझ्यासाठी सोडली. मीही एकदा तसंच म्हणालो होतो, तेव्हा केवढं फटकारलंत मला! “लढाई संपली, नाईक. रिकाम्या खाटांना पुस्तकं वाटू का? आपल्या गावात एक कपाट न्हाई पुस्तकाचं.” मग सोसायटीच्या चेअरमनला गाठून खताच्या गोदामातला एक कोपरा मागून घेतलात. चेअरमन म्हणाले, “बाई, हितं माणसं युरिया न्यायला येत्यात, कादंबऱ्या न्यायला न्हाई.” तुम्ही म्हणालात, “येतात ना? मग झालं.” पुढं तेलगावला साखर कारखाना झाला, तिथली माणसं पुस्तकाला खताचा वास येतो म्हणून तक्रार करत आपल्याकडंच येऊ लागली. खरं सांगा, तुम्ही माझ्यासाठी आलात की त्या गोदामासाठी? मला अजून नक्की माहीत नाही! आणि माहीत नसण्यातच मला सुख होतं.

तक्रार एकच आहे. इतक्या वर्षांत माझ्या सदऱ्याचं एक बटण तुम्ही लावून दिलं नाहीत. सणाला उशीर होत असला तरी दारात उभ्या राहायच्या, पण हात लावायच्या नाहीत. लोक काय काय म्हणायचे! मीही कधीकधी मनात म्हणायचो. आता सून धावत येते बटणं लावायला. चांगली आहे पोर. मी हात मागं घेतो, तर तिला वाईट वाटतं.

ज्या बाईनं माझं बटणसुद्धा लावलं नाही, तिला हे लोक त्यागमूर्ती म्हणतात! त्याग म्हटलं की मी ओझं झालो आणि तुम्ही हमाल. तुम्ही आयुष्यभर जे जे केलंत, ते तुम्हाला करायचंच होतं म्हणून केलंत. दवाखाना, गोदाम, आणि मीही. कुणावर उपकार म्हणून नाही. हे मला आता, लिहिता लिहिता, सांगता आलं. शोकसभेत का नाही सुचलं?

तेव्हा बाई, वचन देतो. शुक्रवारी प्रकाशच्या आधी मी कोरणाऱ्याकडं जाईन. पट्टीवर दोनच गोष्टी असतील, तुमचं नाव आणि त्याखाली ‘ग्रंथपाल’. कमिटीला कारण हवं आहे ना? रविवारी सगळ्यांपुढं त्या ताटाची गोष्ट सांगेन. पडलेला तुकडा, सांडलेली आमटी, सगळी. ऐकून कुणी तुम्हाला कठोर म्हणालं तर म्हणू दे. आवाज अडकला तर थांबेन आणि पुन्हा सुरू करेन.

आणि तरीही कमिटी अडून बसली, तर फोटो काढून घरी आणीन. भिंतीवरचा खिळा मला दोन बोटांनी उपटता येतो.

तुमचाच,
नाईक