धुतलेली खडी

४ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायची लाज वाटते, म्हणून पत्र. मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं आहे. आमच्या वसाहतीत आठ गल्ल्या, आणि पावसात आठही गल्ल्यांत चिखल. लोक फळ्या टाकून चालतात. मी धीर करून समितीपुढे खडीच्या पायवाटांचं बोललो. अध्यक्षांनी शेवटची गल्ली दिली, एकशे दहा पावलांची. महिनाअखेरीस ती चालण्याजोगी असेल तर बाकीच्या सातही माझ्या. नाही तर पुन्हा फळ्या.

त्या गल्लीच्या टोकाला शिवणमावशी राहतात. कपडे शिवतात म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. गेल्या वर्षी फळीवरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आता चार पायांचा वॉकर घेऊन चालतात. तो चिखलात रुततो, म्हणून पाऊस लागला की त्या घरातच. कोपऱ्यापर्यंत कधी चालता येईल, असं त्यांनी मला विचारलं. घाबरून माझ्या तोंडून तारीख निघून गेली, एकतीस. त्यांनी कॅलेंडरवर लगेच शिवणाच्या खडूने गोल केला.

खाली मोठे दगड बसवून झाले. वरची खडी मी टोपली-टोपली तीनदा धुतली. शेवटचं पाणी इतकं नितळ आलं की प्यावंसं वाटलं. तुमची शिकवण विसरलेलो नाही. काही चुकत असेल तर कळवावं.

लोभ आहेच, माझी थोडी काळजीही असू द्यावी.
तुमचा भाचा


८ जुलै

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवत होतो. धुतलेल्या खडीपाशी आलो आणि इतका हसलो की ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावली. अरे लेका, खडीला आंघोळी कसल्या घालतोस? तिला काय बोहल्यावर उभी करायची आहे?

खडीबरोबर जी भुकटी येते तीच तिला धरून ठेवते. ती धुऊन टाकलीस की उरतात नुसते सुटे दगड, कुणाचा कुणाशी संबंध नाही. हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी? पसरली नसशील तर थांब.

मी वाट कशी तपासायचो ते आठवतं ना? पाऊस पडून गेला की पांढरे कॅनव्हासचे बूट घालून दोन फेऱ्या. बुटांवर चिखल दिसला की वाट नापास, मग मुकादम काही म्हणो.

मामी विचारते, वेळेवर जेवतोस का. मी म्हटलं, खडी धुण्यातून सवड मिळाली तर जेवत असेल.

आम्हा दोघांची माया आहे तशीच आहे.
मामा


१३ जुलै

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा खडी पसरून तीन दिवस झाले होते. काल शिवणमावशींना राहवलं नाही, तारखेआधीच बाहेर आल्या. पहिल्याच पावलाला वॉकरचे पुढचे पाय खडीत शिरले. तिसऱ्या पावलाला त्या थांबल्या. मी धरायला धावलो तर नको म्हणाल्या, कशाबशा मागे वळल्या आणि दार लावून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्ष म्हणाले की यंदा पाऊसच फार आहे, तू काय करणार. तेवढ्यावर मला गप्प बसता आलं असतं. पण मी सांगून टाकलं की चूक पावसाची नाही, माझी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की ठीक आहे, पण तारीख तीच राहील.

मामा, खूळ कोणी घातलं म्हणून विचारलंत. तुम्हीच. दवाखान्याच्या अंगणाचं काम होतं, मी नवा होतो आणि तुम्ही म्हणालात की धुतल्याशिवाय एक दगड टाकायचा नाही. मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलं आहे. दोष देत नाही, एवढंच विचारतो, आता सगळं उपसू का?

रागावला असाल तरी उत्तर पाठवावं.
तुमचा भाचा


१७ जुलै

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

हरलो बाबा. वहीपुढे माझं काय चालणार! ते गोटे कुंड्यांभोवती शोभेला मांडायचे होते, म्हणून धुवायला लावले. ते तुला दिसतंच आहे असं मी धरून चाललो आणि सांगितलं नाही. तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर लिही, तारखेसकट.

उपसू नकोस. खडी फोडायच्या यंत्राखाली भुकटी साचते, ती आण. वरची चार बोटं खडी दंताळ्याने सैल कर, भुकटी मिसळ. झारीने पाणी शिंपड, ओतू नकोस. मग जड लोखंडी धुमसाने ठोक, वर उडी मारलीस तरी हलणार नाही इतकं ठोक. मधोमध वाट दोन बोटं उंच ठेव, माशाच्या पाठीसारखी, म्हणजे पाणी दोन्ही कडांना पळेल. उघडीप असेल तेवढंच काम, एरवी ताडपत्री. हात दुखतील. दुखू देत.

आणि अध्यक्षांना खरं सांगितलंस ते मामीला फार आवडलं. मलाही, पण तिला आधी.

जीव लावून आहोत.
मामा


१ ऑगस्ट

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दहा दिवस ठोकलं. एकदा वाऱ्याने ताडपत्री उडायला लागली तेव्हा अध्यक्ष स्वतः टोक धरून भिजत उभे राहिले. वर बजावलं की हे कुठे बोलू नकोस.

शिवणमावशी खिडकीशी मशीनवर बसलेल्या असायच्या. ठोकता ठोकता मी त्यांना तुमच्या पांढऱ्या बुटांची गोष्ट सांगितली. त्यांचं मशीन चालूच होतं. काल सकाळी धो धो पाऊस झाला. थांबल्यावर त्यांचं दार उघडलं. वॉकरच्या चारही पायांत पांढऱ्या कापडाचे मोजे होते, वर नाडीने आवळलेले. म्हणाल्या, तुझ्या मामांचे बूट इथे नाहीत म्हणून काय परीक्षा व्हायची नाही?

मी मागून पावलं मोजत चाललो. सत्तराव्या पावलाला मोजायचं विसरलो. वॉकर कुठेच रुतला नाही. कोपऱ्यावर त्या उभ्या राहून रस्त्याची वर्दळ बघत राहिल्या. मी परत जाऊ या का विचारलं, तर म्हणाल्या की तुला घाई असेल तर तू जा.

परत आल्यावर त्यांनी मोजे सोडून माझ्या हातात दिले. तीन पांढरे आहेत. चौथ्यावर डाग आहे. अध्यक्ष म्हणतात, वाट पास, सातही गल्ल्या घे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मोजे सोबत पाठवतो. डाग भुकटीचा की चिखलाचा ते तुम्ही सांगावं.

निकाल काही लागो, लोभ कमी होऊ नये.
तुमचा भाचा


५ ऑगस्ट

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

चौथा मोजा खिडकीशी नेऊन पाहिला. मामीने भिंगातून पाहिला. डागाची एक कड चिमटीत चोळली, तर राखाडी पूड झटकन उडून गेली. चिखल असता तर कापडात मुरला असता. भुकटी आहे. वाट पास. पत्र मिळताच जाऊन हो म्हण.

पण वाट केली म्हणजे काम संपलं असं नाही. दर पंधरवड्याला दंताळं फिरव, साचलेला पाला उचल, खळगा दिसला की त्याच दिवशी भर. मावशींना सांग, पाऊस सरायच्या आत मी येतो आहे, बूट माळ्यावरून काढले आहेत.

मोजे परत पाठवतो. तीन हवे तर धू. चौथा धुऊ नकोस.

तुझ्यावर माया करणारा,
मामा