हेड निवडायची राहिलीत

पीटरबरो, ४ मे १९८६

ती. थेल्माताई हिस क्लॅरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी बरा आहे. मटण शिजवतो आणि तीन दिवस तेच खातो. बाबांच्या अडतीस सालच्या गाडीचं इंजिन अजून शेडमध्येच आहे. ब्लॉक तयार, पिस्टन बसले, घोडं अडलंय ते हेडपाशी, म्हणजे वरच्या दोन झाकणांपाशी. जुनी लोखंडी जोडी दणकट, पण जोर कमी. नवी अ‍ॅल्युमिनियमची हलकी, जोरही जास्त. पण आतून उथळ, व्हॉल्व्ह उचलला की वर टेकेल अशी भीती. ते बघायला व्हॉल्व्हवर मातीचा गोळा ठेवायचा, हेड कसायचं, एकाने हँडल हळू फिरवायचं, दुसऱ्याने अंदाज घ्यायचा. हँडल बेरिल फिरवायची. असो. तुझे डोळे कसे आहेत? लोभ आहेच.

तुझा क्लॅरी


मिल्डुरा, १३ मे

चि. क्लॅरीस अनेक आशीर्वाद.

अरे, माझ्या भावजयीला, बेरिलला जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलंय. लोक नवरीसुद्धा याहून लवकर निवडतात. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरातल्या आपल्या उन्हाळ्यापर्यंत जेमतेम दिसेल, पुढे नाही. त्याआधी तुला ती गाडी चालवताना मला बघायचंय, एवढंच मागणं आहे. कुंपणापलीकडे डडली राहतो ना? मार की त्याला हाक. जीव जपून राहा.

तुझी ताई


पीटरबरो, ८ जून

ती. ताईस सा. न.

डडलीला हाक मारली. त्याच्या दारापर्यंत जाताना तीनदा परत फिरावंसं वाटलं. तो म्हणाला, "दोन वर्षं तू तोंड दाखवलं नाहीस, लेका. मला वाटलं, माझंच काही चुकलं." मी त्याला शेडमध्ये घेऊन आलो. त्याने हँडल फिरवलं. नव्या हेडखाली माती कागदाइतकी पातळ झाली होती. लोखंडीखाली भरपूर जागा. तीच बसवली. निवड एका दुपारची होती बघ.

शुक्रवारी इंजिन चालू झालं. डडली टाळ्या वाजवत होता आणि मी शेडमागे जाऊन रडत होतो. खरं सांगतो ताई, हेड मला केव्हाच निवडता आली असती. पण काम संपलं की सकाळी उठून करायचं काय, हे मला माहीत नव्हतं.

इंजिन गाडीत बसवून शनिवारी तुझ्याकडे निघतो. तुला दिसतंय तोवर रोज नदीकाठाने फिरवून आणीन. न दिसलं तरी आणीन. एकच विचारतो: लगेच परत जा, असं म्हणणार नाहीस ना?

बाकीचा लोभ समोर बसून.

तुझा क्लॅरी